पुन्हा, वरून

चौकातला पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला आणि मी जागची हलले नाही. मागून बाबागाडी ढकलत आलेली एक बाई ‘जायचंय की नाही?’ असं विचारून, उत्तराची वाट न बघता पुढे गेली. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि मी आपली खांबाला टेकून फोनकडे बघत उभी. सरांचा निरोप आला होता. ‘येतो. शब्द उशिरा येतात. चालेल?’ एवढाच. ज्या माणसाने माझ्या प्रबंधातल्या एका परिच्छेदावर अख्खी दुपार बोलून काढली होती, त्याचा हा निरोप. सरांनी मला कधी काही ‘चालेल का’ असं विचारलं नव्हतं. चालणार नाही एवढंच सांगायचे, तेही हसून. मी निरोप पुन्हा वाचला. आधी वाटलं आनंद असावा, मग ओळखलं की भीती आहे, आणि शेवटी दोन्ही बरोबर घेऊनच मी रस्ता ओलांडला.

भानगड माझी मीच ओढवून घेतलेली. आमच्या विषयाची परिषद यंदा आमच्याच संस्थेच्या सभागृहात होती. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, शास्त्रातली मोठी गणितं संगणकावर करायला कोणती भाषा बरी, यावर एक परिसंवाद ठेवू या, आणि सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मी कपात बघायला विसरले. काम माझ्या गळ्यात पडलं. बाहेरच्या माणसाला यात काय अवघड ते कळणार नाही. यंत्राला कामं सांगायच्या त्या भाषा, त्यांचं काय एवढं. पण लोक त्यांच्यावरून असे भांडतात, की जणू कुणी त्यांच्या माहेरचं काढलंय. पायथनच्या बाजूने आमच्याच संस्थेतला एक जण मिळाला, ज्याला सगळे सुसाट म्हणतात, कारण तो वाक्याच्या शेवटी पोहोचतो तेव्हा ऐकणारा अजून सुरुवातीला चपला घालत असतो. सी प्लस प्लससाठी एक खगोलवाली बाई आली, ज्युलिया नावाच्या नव्या भाषेसाठी एक रसायनवाला. आणि फोर्ट्रानसाठी कोण, असं विचारल्यावर माझ्या तोंडून सरांचं नाव निघून गेलं. फोर्ट्रान ही यातल्या सगळ्यांची आजी. नदीच्या पाण्याची पातळी आधीच सांगणारा आमच्या प्रयोगशाळेचा प्रोग्राम सरांनी तिच्यात लिहिला, आणि वरून कितीही रंगरंगोटी झाली तरी आज आत तोच चालतो. नाव निघून गेल्यावर आठवलं की गेल्या वर्षी सरांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. चालणं परत आलं, हात परत आला, बोलणं अर्धंच परत आलं.

ऑफिसात पोहोचते तोच समितीच्या अध्यक्षांचा फोन. त्यांना बातमी कुठून लागते देव जाणे. ‘मॅडम, माझंही त्यांच्यावर प्रेम आहे हो, म्हणूनच सांगतोय. भरल्या सभागृहात एवढा मोठा माणूस शब्द शोधत बसला तर बघवणार नाही कुणाला. आपण त्यांचा सत्कार करू. फुलं देऊ, उभं राहून टाळ्या वाजवू, पहिल्या रांगेत बसवू. चर्चेत मात्र नको. शुक्रवारी कार्यक्रमपत्रिका छापायला जातेय, तेवढं बघा.’ मी ‘बघते’ म्हणाले. अध्यक्ष वाईट असते तर फोन आपटून मोकळी झाले असते. पण ते चांगले आहेत, आणि ते म्हणत होते ते निम्मं तरी खरं होतं. दिवसभर मी समोरच्या पडद्यावर एकच आलेख उघडून बसले होते आणि दिसत होतं सभागृह: दिवे, पाण्याचे ग्लास, सगळ्या माना एका दिशेने, आणि मधोमध सर, तोंड किंचित उघडं, शब्दाची वाट बघत. त्यांना तिथे कोणी बसवलं? मी.

आमच्या घरी वडील काही समजावून सांगत आणि शेवटी विचारत, ‘कळलं?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर होतं. वडील दुष्ट नव्हते. दिवसभर दुसऱ्यांची कामं करून थकून येत आणि उरलेला जीव आम्हाला शिकवण्यात घालवत. त्याबद्दल मला आता फार वाटतं. पण ‘नाही’ म्हटलं की ते तेच सगळं पुन्हा मोठ्या आवाजात सांगायचे, आवाज आणखी चढला की आतून आई म्हणायची, ‘अगं, कळलं म्हण ना एकदाचं!’ मी म्हणायची. अपूर्णांक कळले म्हटलं, घड्याळ कळलं म्हटलं, आजी आता परत येणार नाही म्हणजे काय तेही कळलं म्हटलं. पुढे कॉलेजात माझा हुशार म्हणून जो लौकिक झाला तो निम्मा या ‘हो’च्या जोरावर. मान हलवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. अशी मान घेऊन मी सरांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

त्या काळी मोठं यंत्र सगळ्या संस्थेत मिळून एकच, आणि आमच्या वाट्याला ते क्वचित यायचं. प्रोग्राममध्ये चूक निघाली की पाळी फुकट गेली, बसा पुढच्या पाळीची वाट बघत. म्हणून सरांनी एक पद्धत घालून दिली होती. यंत्राकडे जाण्याआधी प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. लिहिणाऱ्याच्या हातात कागद, ऐकणाऱ्याच्या हातात काही नाही. कळेनासं झालं की ऐकणाऱ्याने बोट वर करायचं. मग वाचणाऱ्याने समजावून सांगायचं नाही. समजावणं म्हणजे सारवासारव, असं सर म्हणत. त्याने फक्त तो भाग पुन्हा, वरून, वाचायचा. गंमत अशी की चूक सापडायची ती बहुतेक वेळा वाचणाऱ्यालाच, दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात, स्वतःचाच आवाज ऐकता ऐकता. ऐकणाऱ्याला काही यावं लागत नसे. त्याने खरं बोट वर करावं, एवढीच त्याची विद्या.

माझ्या पहिल्या दिवशी सर स्वतः वाचायला बसले आणि ऐकायला मी. आय एकपासून एनपर्यंत, प्रत्येक ठिकाणची पातळी घ्या, शेजारच्या दोन्हींशी ताडून बघा, असं काहीतरी चाललं होतं. थोड्याच वेळात मला काही म्हणजे काही कळेना. मी मान हलवत राहिले. सर थांबले. ‘तू एवढी मान हलवतेयस त्याअर्थी तुला काहीच कळत नाहीये. बोट कुठाय?’ मी बोट वर केलं, म्हणजे टेबलाच्या कडेवर जेमतेम दिसेल इतकं. कानशिलं गरम झाली होती. आता आवाज चढणार, मला माहीत होतं. आता आतून कुणीतरी म्हणणार, कळलं म्हण ना एकदाचं. सर म्हणाले, ‘छान. पुन्हा, वरून.’ आणि खरोखर पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्याच आवाजात. रेसभरही मोठा नाही. खिडकीचं एक दार वाऱ्याने आपटत होतं, कुणीतरी उठून त्याच्या फटीत घडी घातलेला कागद खोचला, सर वाचत होते, आणि माझे डोळे कारण नसताना भरून आले. मी पुन्हा बोट वर केलं. या वेळी खांद्याइतकं.

पुढे लग्न झालं. पहिल्याच भांडणात नवरा तावातावाने बोलत असताना सवयीने माझं बोट वर गेलं आणि तो बिचारा म्हणाला, ‘हे बघ, बोट दाखवून बोलायचं नाही!’ त्याला सगळं सांगता सांगता भांडण कशावरून होतं तेच दोघं विसरलो. मग त्यालाही सवय लागली. आता मुलगी दुसऱ्या शहरात असते, फोनवर मी भरधाव सुटले की ती म्हणते, ‘आई, बोट.’ मी थांबते आणि वरून सुरू करते. हे सगळं कुठून आलं ते सरांना माहीत नाही. त्यांना कोण सांगणार? आमच्या प्रयोगशाळेत आभाराची पद्धतच नव्हती. तुमच्या बोटामुळे माझी पाळी वाचली तरी मी धन्यवाद वगैरे म्हणत नसे; पुढच्या खेपेला तुमचं ऐकायला बसायचं, झालं. निरोपाच्या दिवशीसुद्धा मी ‘येते सर’ म्हणाले आणि ते ‘ये’ म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. सरांची बायको, हयातभर दंतवैद्य होत्या. ‘ये गं. आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणत आले, आणि म्हातारपणी हे नशिबात,’ म्हणून त्या हसल्या, आणि हसताना त्यांनी माझं मनगट जरा जास्तच घट्ट धरलं. सर खिडकीशी बसले होते. उन्हाचा एक चौकोन त्यांच्या पायजम्यावर पडला होता. शब्द येत असला की ते डोळे बारीक करतात, लांबच्या बसची पाटी वाचावी तसे, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. ‘तू... जाड झालीस,’ ते म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘बघ, नेमके असले शब्द लगेच येतात.’

वाटेत मी भाषण घोकून ठेवलं होतं. म्हणाले, ‘सर, समितीची अशी इच्छा आहे की आपल्या एकंदर कार्याचा गौरव म्हणून...’ सरांचं बोट वर गेलं. खुर्चीच्या हातावरून सावकाश, पण गेलं. मला वाटलं नीट ऐकू गेलं नसेल. पुन्हा सुरू केलं, ‘चर्चेची दगदग नको, त्यापेक्षा एक छोटासा सत्कार...’ बोट तसंच. काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिल्या होत्या. तिसऱ्यांदा वरून सुरू करताना मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो अध्यक्षांचा आवाज होता. मी थांबले. मग म्हणाले, ‘सर, मला भीती वाटतेय. तुम्ही अडकाल, सगळे बघतील, आणि तुम्हाला तिथे मी बसवलेलं असेल.’

बोट खाली आलं.

‘मलाही,’ सर म्हणाले. हे लगेच आलं. मग बराच वेळ ते बसची पाटी वाचत राहिले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. काकूंनी मध्ये शब्द पुरवला नाही. त्यांचं हे मला तेव्हाही फार मोठं वाटलं. ‘बोलायला... तिघं आहेत,’ सर म्हणाले. ‘मी... ऐकायला येतो.’ आणि मला एवढं हलकं वाटलं की मी काकूंचा चहा न पिताच उठले आणि जिन्यातून परत फिरून पिऊन गेले.

अध्यक्षांना कळवलं, सर परिसंवादात आहेत, ऐकणारे म्हणून. ते म्हणाले, ‘ऐकायला मंचावर कशाला?’ मी म्हटलं, ‘मंचावरच कुणी ऐकत नाही म्हणून.’ मग ते म्हणाले, ‘जबाबदारी तुमची.’ ती होतीच. बोलणाऱ्या तिघांना निरोप टाकला: आपापल्या भाषेतला स्वतः लिहिलेला एक लहानसा तुकडा आणा, मोठ्याने वाचा, पडदा नाही. सुसाट तणतणत माझ्या खोलीत आला. ‘वाचायचा? प्रोग्राम काय गोष्ट आहे का मॅडम? पडद्यावर दाखवतो की, लोक बघतील.’ मी म्हटलं, ‘बघतील, वाचणार नाहीत.’ तो म्हणाला, ‘बरं,’ पण अशा सुरात की मला ते ‘बरं’ रात्रभर पुरलं. मंचाची मांडामांड मात्र त्याने आपणहून अंगावर घेतली, आणि मी मनातल्या मनात त्याचे सगळे गुन्हे माफ केले.

आता इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. पायथन आणि सी प्लस प्लसवाले मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. पहिली वस्तू ती शून्य नंबरची. फोर्ट्रान आणि ज्युलियावाले उरलेल्या जगासारखे एकपासून. यावरून आमच्यात जन्मभराचे अबोले झालेले आहेत. तर सुसाटने सभागृहाच्या व्यवस्थापकांना कळवलं, मंचावर खुर्च्या चारपर्यंत. त्याच्या हिशेबी शून्यापासून चारपर्यंत, म्हणजे पाच: ते तिघं, सर आणि मी. आम्हा सर्वांना त्याने तो निरोप दाखवला होता, आणि एवढी शिकलेली माणसं, सगळ्यांनी ठीक म्हटलं होतं. परिसंवादाच्या दुपारी मंचावर गेले तर खुर्च्या चार. व्यवस्थापक म्हणाले, ‘चारपर्यंत म्हणालात ना?’ सुसाटने कपाळावर हात मारला. सभागृहातल्या बाकीच्या खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या, सुट्या होत्या त्या जेवणाच्या दालनात माणसांसकट गेलेल्या, आणि दारातून लोक आत यायला लागले होते. रसायनवाला म्हणाला, ‘म्हणूनच म्हणतो, एकपासून मोजा,’ आणि खगोलवालीने त्याच्याकडे असं पाहिलं की परिसंवाद तिथेच सुरू झाला असता. शेवटी दिवे लावणाऱ्या माणसाने पडद्यामागून स्वतःचं गोल स्टूल आणून दिलं. त्याचे मी किती आभार मानू? त्या क्षणी त्याला ते नुसतं स्टूल वाटलं असणार.

ते ठेवायचं कुठे? खुर्च्यांच्या दोन्ही बाजूंना ध्वनीची खोकी, मागे भिंत. जागा होती ती फक्त पुढे, सरांच्या समोर. मी तिथे बसले. सूत्रसंचालिका आणि अर्धी पाठ श्रोत्यांकडे. सर समोर, काकूंनी इस्त्री केलेल्या शर्टात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्यांनी खाली स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या तोंडाचा एक कोपरा, जो परत आला होता तो, वर गेला. इतकी वर्षं मी कुठल्या कुठल्या खुर्च्यांवर बसले, पण माझी बसायची जागा हीच होती.

सुसाटने वाचायला घेतलं आणि सुटला. सरांचं बोट वर गेलं. सुसाट थांबून म्हणाला, ‘म्हणजे सर, इथे मी काय केलंय, की...’ मी म्हटलं, ‘समजावू नका. पुन्हा, वरून.’ सभागृहात हशा पिकला. त्याने पुन्हा वाचलं, जरा हळू. बोट पुन्हा त्याच जागी. तिसऱ्यांदा वाचताना तो आपण होऊन थांबला, कागद जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाला, ‘खरंच की. हे मी इथे का केलंय?’ या वेळचा हशा वेगळा होता, घरातल्यासारखा, आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसत होता. खगोलवाली वाचायला लागली तेव्हा तिसऱ्या रांगेत एक बोट वर गेलं, मग मागे आणखी एक. तिने दोन्ही बोटांना मान देऊन वरून वाचलं. कोणती भाषा थोर, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग ते कुणीतरी विचारलंच. मागून आवाज आला, ‘सरांना विचारायचंय. तुमच्या मते यातली कोणती भाषा चांगली?’

सरांनी डोळे बारीक केले. मी जे दिवसाढवळ्या पडद्यावर पाहिलं होतं ते सगळं जसंच्या तसं होतं: दिवे, ग्लास, माना. पहिल्या रांगेत अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघायला लागले. शब्द येत नव्हता. माझ्या ओठांवर दोन-तीन शब्द येऊन उभे राहिले, मी ते गिळले. काकू दाराजवळ बसल्या होत्या. त्यांनी ते आधीच शिकवलं होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की सभागृहात कुणीही चुळबुळत नाहीये. तासभर ही माणसं ऐकायला बसली होती, त्यांना सवय झाली होती. सुसाटसुद्धा, ज्याला स्वतःच्या श्वासाचीही वाट बघवत नाही, तो हाताची घडी घालून शांत बसला होता.

‘जी,’ सर म्हणाले. ‘दुसऱ्याला...’ पाटी अजून लांब होती. ‘वाचून... दाखवता येते.’

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आधी. ते कसं छान झालं. मग वाजवल्या.

शेवटी आभार माझ्याकडे. मी उभी राहिले, समितीचे मानले, ध्वनीवाल्यांचे मानले, स्टूलवाल्याचे नाव घेऊन मानले. मग म्हणाले, ‘आणि प्रकृतीची पर्वा न करता सरांनी आपल्या अनमोल उपस्थितीने...’ बोट वर. सभागृह हसलं. मीही हसले. ‘सरांचं मार्गदर्शन आम्हाला वेळोवेळी...’ बोट तसंच. मी ध्वनिक्षेपक खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. गुडघ्याला गुडघा. मागच्या रांगांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

‘सर, घरी मला कळलं एवढंच म्हणायची परवानगी होती. कळलं नाही असं मी पहिल्यांदा तुमच्याकडे म्हणाले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. त्यावर माझं सगळं चाललंय, काम, घर, पोरगी, सगळं. हे तुम्हाला सांगायचं होतं. थँक्यू, सर.’

बोट खाली येईना. मी बघत राहिले. याहून खरं माझ्याकडे काही नव्हतं. सरांचे डोळे बारीक झाले होते आणि ओले झाले होते, आणि शब्द येत होता, दिसत होतं, मी थांबले.

‘कळलं,’ ते म्हणाले. बोट वरच. ‘तरी... पुन्हा.’

मी घसा खाकरला आणि वरून सुरुवात केली, त्याच आवाजात.